तोरणातलं मधलं लटकन

गुरुवार, धरणगाव. कमल जाऊन आज चौदा दिवस.

सुतकात काढलेलं दाराचं तोरण आज परत बांधायचं होतं. शिंदखेड्याहून आलेली माझी थोरली बहीण, अक्का, सकाळपासून मागे लागली होती. "बांधी दे भाऊ, बठ्ठं घर सुनं दिखी ऱ्हायनं." बांधायला घेतलं तेव्हा तिला दिसलं की मधलं लटकन नाही. मला आधीपासून माहीत होतं.

कमल लोंबणाऱ्या सगळ्याच वस्तूंना लटकन म्हणायची. कानातले डूल, नथीचा मोती, पाळण्यावरचा पोपट, पोळ्याला बैलाच्या गळ्यातले गोंडे. मी हसायचो. मग म्हणायची, "तुम्हीपण लटकनच. बाजारात माझ्या पिशवीला लोंबत येता."

मी किल्ल्या हरवतो म्हणून तिने ते मधलं लटकन उसवून माझ्या जुडग्याला बांधलं होतं. लाल, आरशाचं. ऑफिसात एक जण हसला आणि मी ते सोडून टाकलं. घरी आल्यावर तिने जुडगा पाहिला. काहीच बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं का?

संध्याकाळी ते स्कूटरच्या डिकीत, पुसायच्या फडक्यात सापडलं. आरसा तडकलेला.

अक्का म्हणाली, "आन इकडे, दोन टाका मारी देस."

मी नको म्हणालो. तोरण तसंच बांधलं. मधली जागा रिकामी दिसते. दिसू दे.

लटकन किल्ल्यांना बांधलं आहे. सोमवारी ऑफिसला जायचं आहे.