आठव्यात हलवायचं नाही

मार्गशीर्ष शु. ३
टांग्याखाली स्प्रिंगचे नवे पाटे बसवले, वर काथ्याची दुहेरी गादी. पैशांचं सोडा. खरी किंमत: तीन दिवस भाडं बंद, लोहाराशी एक भांडण, आणि ठोकाठोकीपायी सौ.च्या दोन दुपारच्या झोपा. सगळं कशासाठी, तर दशमीला तिला माहेरी, लोहगडवाडीला न्यायचंय. पोटातलं पाणी हलता कामा नये. सातवा चालू आहे.
गेल्या खेपेला आठव्यात बैलगाडीने नेली होती. मूल राहिलं नाही. त्याचं इथे लिहीत नाही.

मार्ग. शु. ६
न्यायच्या आधी एकदा बघून जा म्हणून औंढ्याच्या गंगूमावशीला, सुईणीला, निरोप धाडला. टांगा पाठवतो म्हटलं. उत्तर आलं, "माजं पाय काय गहान पडल्यात व्हय?" चालत आली. सौ.च्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, भाकरी आत शिजली का बघावं तशी बोटं हलकेच दाबली. म्हणाली, आठवा हाय.
मी वही काढली. एकेक महिना मोजून दाखवला. सातवा.
"आनि अधिक श्रावन कुटं गेला?"
अधिक मी धरलाच नव्हता. त्यात लग्न नाही, मुंज नाही, कसलं कार्य नाही. आपल्यात तो महिना सोडूनच देतात, तसा मीही सोडला.
"अधिकात प्वाट वाढायचं थांबतं व्हय रं दादा? भटजी थांबत्याल, प्वार थांबंल का?"
शेजारच्या परड्यातून हसू ऐकू आलं. हसा. पण बोटांनी महिना सांगणारी बाई मी आज पाहिली.
दशमी रद्द. आठव्यात हलवायचं नाही.
सौ.ला विचारलं, तुला कसं कळलं नाही? "गेल्या येळी रोज मोजत हुते. आवंदा मोजलंच न्हाई."


मार्ग. व. २
लेक जात नाही म्हणून सासूबाई इकडे आल्या. त्याच टांग्यातून आणल्या. उतरून म्हणाल्या, "गादी झ्याक हाय, जावईबापू. लेकीला न्हाई तर आयला तरी घावली."

मार्ग. व. ९
सौ.चे पाय संध्याकाळी सुजतात. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो. सकाळी उतरलेले असतात. दोन घासांत पोट भरतं. नळावरून घागर आणायची मी बंद केली, तरी नुसतं लुगडं वाळत घालून धाप लागते. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं.
आज स्टेशनवरून दोन बाया बंगल्यावर सोडल्या. एक मुंबईची डॉक्टरीण. टांगेवाल्याच्या पाठीला कान नसतात असं सवाऱ्यांना वाटतं. ती दुसरीला सांगत होती: पायाची सूज एक वेळ चालते, पण तोंड-हात सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. घोडा मुद्दाम चालीवर आणला आणि पुरतं ऐकून घेतलं.
मावशी आता दर तिसऱ्या दिवशी येते. तिला ऐटीत सांगितलं. "म्हनून तर आल्या आल्या आदुगर तिचं त्वांड बगती मी. तुला काय वाटलं, लाडानं बगती?"
अक्षराची ओळख नाही बाईला.

पौष शु. ५
संक्रांत. तीळ उष्ण म्हणून सौ.ला बंद. लाडू हातात धरून वास घेतला, परत ठेवला.
सकाळपासून पोटात हालचाल नव्हती. सासूबाई देवाजवळ. मला टांगा जुंपायचं सुचेना, गेल्या खेपेचं सगळं... मावशी आली. गूळपाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं. "हात ठिवून गप पड. दुपारपत्तुर हाललं न्हाई तर दवाखाना, मी सोता येती." घटकाभराने लाथ बसली. मग दुसरी. सौ. रडली.
सासूबाई डोळे पुसत, "बापावर गेलंया. खायाला घातल्याबिगर हालायचं न्हाई."

पौष व. ४
पोट खाली उतरलं. श्वास मोकळा झाला, पण पाय फाकून चालते, आणि कंबर धरून. याच गावात मी दुसऱ्यांचे घोडे धूत होतो, आज तीन टांगे आहेत. आपल्याएवढं कोणी सोसलं नाही असं मिरवत आलो. टांग्यात चौथी सवारी घेताना घोड्यासाठी मी दहादा विचार करतो. हिला ओझं उतरवून घटकाभर बसताही येत नाही. तरी सकाळी माझ्या आधी चूल पेटलेली.
काल कळा आल्या. मी धावत टांगा जुंपला, औंढ्याहून मावशीला ओढून आणलं. तिने सौ.ला अंगणात फेऱ्या घालायला लावल्या. कळा बंद. "चालल्यावर जाती ती खोटी. चालल्यावर वाढती ती खरी. आता तरी वळखशीला का?"
मी म्हटलं, मावशी, चौकात टांगा वळला की घोडा कुठला ते मी घरात बसून सांगतो. हिला खरी कळ आली तर मला स्टेशनच्या अड्ड्यावर ऐकू येईल.
"यील हो यील," मावशी म्हणाली.

पौष व. १२
दाराबाहेर बसून लिहितोय.
सकाळी मी उंबऱ्याशी लगामाला तेल लावत होतो. सौ. भाकऱ्या थापत होती. मधेच हात थांबायचा. वाटलं तवा तापला नसेल. चहा मागितला, दिला. पुटपुटत होती, वाटलं ओवी असेल. दोनदा उठून अंगणात फेऱ्या घालून आली. वाटलं, पाय मोकळे करते.
ऊन अंगणात आलं तेव्हा गंगूमावशी दारात. म्हटलं, आज तुमचा वार नाही.
"दूधवालीसंगं तिनं सांगावा धाडलाय. सर बाजूला."
आत गेली. दार लागलं. सासूबाई पाणी तापवतायत. आता आतून एकाच बाईचा आवाज येतो, मावशीचा.
मघाशी तिने विचारलं, "कवापासनं गं?"
सौ. म्हणाली, "पहाटंपासनं."
पहाटेपासून मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.