दगडफुली मोजे

एडिनबरा,
९ एप्रिल १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेगीचं लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला. तिचा बाप नाही, तेव्हा संध्याकाळच्या नाचाला तिला हाताला धरून सभागृहात आणायचं ते मामानेच, हे उघड आहे. म्हणून पोशाखाचं आधीच सांगतो. तुमच्याकडे ऐन वेळी कोण काय अडकवून येईल याचा नेम नाही.

नवऱ्याकडची पोरं म्हणे भाड्याच्या दुकानातून पांढरे मोजे आणणार आहेत. पांढरे मोजे बँडवाल्यांना शोभतात. काळ्या कोटाला चांदीची बटणं असतात, म्हणजे कमरेच्या थैलीची साखळीही चांदीचीच हवी. गळ्याचा बो काळा. मोजे आणि गुडघ्याखालच्या फिती मात्र किल्टच्या चौकडीतल्या रंगाच्या. आपल्या घराण्याची चौकडी हिरवी, वर बारीक तांबडी रेघ. लग्नात हिरवं आपल्याकडे अपशकुनी, म्हणजे तांबडंच उरलं. माझ्या लग्नात आईने दगडफूल उकळून रंगवले होते ना, अगदी तोच रंग. तुझा हात आईवरच गेलाय. घरच्या पुरुषांपुरते विणून ठेव, लोकर मी पाठवतो.

लोभ आहेच, कामाला लागावे.
तुझा,
टॉर्मोड

टार्बर्ट, हॅरिस बेट,
१५ एप्रिल

चि. टॉर्मोड यास,
आशीर्वाद. अनेक नाहीत, उत्तमही नाहीत. उरलाय तेवढा एक.

तोच रंग मागताना तुला काहीच कसं आठवलं नाही?

आईने ते मोजे नाचापुरते केले होते, आणि तसं बजावलंही होतं. दगडफूल खडकावरून खरवडून आणतात. खडकाचं ते खडकाकडे परत जातं, म्हणून तो रंग अंगावर घेऊन आपल्याकडे कुणी होडीत पाय ठेवत नाही. तुझ्या लग्नाच्या नाचावरून माझा फिनले थेट समुद्रातले शेवंडीचे पिंजरे ओढायला निघाला, तेव्हा आई म्हणाली, मोजे काढ. तो वाकलाही होता. आणि तू, नवरदेव, चारचौघांत म्हणालास, "मोज्यांना भितो तो कसला खलाशी?" तो सरळ झाला आणि तसाच गेला. होडी खडकावर सापडली, तो नाही सापडला. त्याची पेगी तेव्हा रांगत होती.

रंगाने माणूस मरतो की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्या जिभेने मेलेला मी पाहिलाय.

लोकर पाठवू नकोस. पेगीला तिचा मामा हवा आहे, नाहीतर तुला उंबरठा दिसला नसता. पण तांबड्या पायांनी आलास तर तिला मीच आत आणेन.

लोभ कधीच आटला. उत्तर मात्र धाडावे.
एलसेड

एडिनबरा,
२२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांगाला गुडघे दुखतात.

त्या दिवशी वारा फिरला होता आणि इंजिन जुनं होतं, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तरी गावाने मलाच खुनी ठरवलं, आणि तू इतकी वर्षं गप्प बसून त्यांच्या होत हो मिळवलास. मी बेटावर का येत नाही असं लोकांना विचारतेस म्हणे. हे त्याचं उत्तर.

तुझे मोजे नकोत. आईने केलेला माझा जोड अजून आहे, कसरही लागलेली नाही. तोच घालून बोटीवर चढेन, तोच घालून धक्क्यावर उतरेन. गाव बघेल की रंगाने कुणी बुडत नाही. दुसरा जोड बरोबर घेणारच नाही. मग पेगीने कुणाबरोबर आत यायचं ते तू ठरव.

लोभाचं तूच बघ.
टॉर्मोड

टार्बर्ट,
१० जून

चि. टॉर्मोड यास,
आशीर्वाद.

सकाळच्या बोटीने न भेटताच गेलास, म्हणून लिहावं लागतंय.

तू धक्क्यावर उतरलास तेव्हा सगळे तुझ्या पायांकडे बघत होते. कोट, किल्ट, चांदीची साखळी, सगळं जिथल्या तिथे; आणि मोज्यांच्या जागी गारठून निळ्या पडलेल्या नडग्या. पेगीला तू सांगितलंस, लाटेने भिजले. तुझ्या पिशवीत मी ते पाहिले, कोरडे ठणठणीत. खडकांपाशी बोट हेलकावू लागली तशी तू बाकावर बसून मोजे ओढून काढलेस, हे आमच्या पोस्टमनने सांगितलं. तो तुझ्यासमोरच बसला होता. मला हसायला हवं होतं. पण फिनले वाकला होता तेव्हा त्यालाही असंच वाकू दिलं असतंस, एवढंच मनात आलं आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले.

संध्याकाळी तुझ्या खुर्चीवर मेंढीच्या बिनरंगी लोकरीचे पांढरट मोजे होते, ते तू निमूट चढवलेस. दाराशी मात्र पुटपुटलास, टाचेला आवळतात, ताई, तुझं माप चुकलं.

माझं माप चुकलेलं नाही. ते तुझ्यासाठी विणलेच नव्हते. ते फिनलेचे, आमच्या लग्नातले.

सगळे म्हणतात, मामाने भाचीला रुबाबात आणलं. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी खाली बघत होते, आणि पेगीच्या शेजारून तिचा बाप चालत आत आला.

ते मोजे तू पायातच घालून गेलास. गार पाण्यात धुऊन पोस्टाने पाठव. स्वतः आणलेस तरी चालेल.

लोभाचं अजून काही सांगवत नाही.
एलसेड