बागेसमोरचं हॉटेल

३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. दम्याचं औषध वेळेवर घेत असशील तर आणखी एक.

अप्पा राजधानी बघायला यायला अखेर कबूल झाले. रविवारी त्यांच्या शेजारच्या शिंपीणबाईंकडे फोन करून अप्पांना बोलावून घेतलं. आधी म्हणाले, एक्याऐंशीव्या वर्षी काय बघायचंय. मग किती दिवसांसाठी जायचं ते विचारलं. भूमापन कचेरीत चौतीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली, कागदावर कागद ठेवून राजधानीचे नकाशे शाईनं उतरवले, पण त्या शहरात कधी पाय ठेवला नाही. आई होती तोवर दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. आता तिला जाऊन तीन वर्षं होतील.

हॉटेल मी पाहून ठेवलंय. माझ्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या बहिणीनं सुचवलं. तिघांना पुरेल अशी मोठी खोली, गरम पाणी, लिफ्ट, खाली साधं जेवण. ते बागेसमोर आहे असं मी अप्पांना सांगणार आहे. तुला खरं सांगते, ते मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या दारासमोर आहे. तिथे स्मृती जाण्याच्या आजारांवरचे एक नावाजलेले डॉक्टर बसतात. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारची वेळ घेतली आहे. आधी सांगितलं तर अप्पा घराचा उंबरा ओलांडणार नाहीत.

मला त्यांचं लक्षण ठीक दिसत नाही. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणारे पुष्कळ असतात. पण मागच्या भेटीत त्यांनी मला तीनदा विचारलं की माझी ड्यूटी सकाळची की दुपारची, आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून नव्यानं खूश झाले. डॉक्टरांचंही माझ्यासारखंच मत पडलं तर त्यांचं घर बंद करायचं आणि त्यांना परस्पर माझ्याकडे आणायचं, असं मी ठरवलं आहे.

तू मात्र काही बोलू नकोस. लहानपणी तुझ्या पोटात काही राहायचं नाही. पंचावन्नाची झालीस, निदान एवढं ठेव.

माया आहेच, ती पत्रागणिक मोजू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, कागदावरच. गुडघे आता तेवढंच करू देतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर बस पकडून अप्पांकडे गेले. तू पढवल्याप्रमाणे सांगितलं की ताईनं बागेसमोरचं हॉटेल पाहिलंय, आणि रस्त्याचं नाव सांगितलं. अप्पा उठले, कपाटावरची पत्र्याची लांब नळी काढली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. स्टेशनपासून त्यांचं बोट निघालं ते कुठेही न अडखळता त्या रस्त्यावर येऊन थांबलं. म्हणाले, इथे बाग कुठली? ही रुग्णालयाच्या कुंपणाकडेची हिरवळ, चिंचोळी पट्टी. त्या वेळी हिरवी शाई संपत आली होती, पाणी घालून पुरवली, म्हणून इथे रंग फिका आहे.

मी भिंतीकडे पाहत राहिले. माझा चेहरा तुला माहीत आहे. ते एवढंच म्हणाले की ताई फार दमते, तिला म्हणावं हॉटेलचं मी बघतो. संग्रहालयाच्या चौकात एक बाई चालवतात ते जुनं हॉटेल त्यांच्या मनात आहे. ते स्वतः पत्र लिहिणार आहेत, आणि उत्तर तुझ्या पत्त्यावर मागवणार आहेत, कारण सहलीच्या व्यवस्थापक तुम्ही.

ताई, चाळीस वर्षांपूर्वीची शाई ज्याला आठवते तो माणूस काय विसरलाय? वॉर्डात इंजेक्शन देताना तू मुंगी चावेल म्हणतेस ते ठीक. इथे अप्पांचं घर जाणार आहे, आणि तू बाग म्हणतेस.

रागावू नकोस. रागावलीसच तर पत्रातून रागव, म्हणजे पत्र तरी येईल.

तुझी,
बारकी


१७ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. आपण व आपले कुटुंब यांच्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांची खोली राखून ठेवत आहे. कुटुंबांना जिने चढवत नाहीत व झोपताना खिडकी उघडी लागते असे आपण लिहिले आहे, म्हणून तळमजल्यावरची, मागच्या अंगणाकडे उघडणारी खोली दिली आहे. त्यांना उंच उशी लागते हेही टिपून ठेवले आहे. संग्रहालयाच्या दारापर्यंत सावलीतून जाता येते, मध्ये दोन ठिकाणी बाके आहेत.

हॉटेल चालवायला लागून मला बावीस वर्षे झाली. पाहुणे विचारतात ती बहुधा स्वतःची सोय. आपण स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाहीत, म्हणून विचारते, आपणांस काय लागते? तसे कळवावे.

आपली,
हॉटेलची मालकीण


२० फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद. सोबत हॉटेलवाल्या बाईंचं पत्र आहे, ते आधी वाच.

मी ड्यूटीवरून आले, युनिफॉर्मवरच ते पत्र वाचलं आणि पायातले मोजेही न काढता पलंगावर बसून राहिले. कुटुंब म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. परक्या माणसासमोर अप्पा आईला दुसरं काही म्हणायचेच नाहीत. आमचं कुटुंब बाहेर गेलंय, कुटुंबाला विचारून सांगतो. आपण दोघी दाराआड उभ्या राहून हसायचो, की मग आपण कोण, सामान? जिने आईला चढवत नव्हते. उंच उशी आईला लागायची. खोली दोघांची मागितली आहे, बारके. तिघांची नाही. ते आईला घेऊन निघाले आहेत.

हॉटेलात पोचल्यावर ते खोलीत शिरतील आणि तिला शोधतील. तेव्हा त्यांना सांगायचं कोणी? तू सांगशील? तीस वर्षांत मी कितीतरी नातेवाइकांना वॉर्डाच्या दारात उभं करून अशी बातमी सांगितली आहे. हे मला जमणार नाही.

राजधानी राहू दे. डॉक्टर इथले पाहू. मी रजेचा अर्ज दिला आहे. पंधरा मार्चला येते, घर आवरून कुलूप लावते आणि त्यांना घेऊन जाते. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवू. तू आदल्या दिवशी ये, त्यांचे कपडे भर. नकाशांची नळी घ्यायला विसरू नकोस.

जास्त लिहवत नाही. तुझा लोभ ह्या वेळी मला हवा आहे.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वर्गात वाचलं. मुलं चित्रं काढत होती म्हणून निभावलं. आधी वाटलं, हे माझ्याबद्दलच लिहिलं असणार. जिन्यात मला धाप लागते, खिडकी मला लागते, उंच उशीवाचून मला झोप येत नाही. आईचा दमा घरात कोणाला तरी मिळायचा होता, तो मला मिळाला. आणि कुटुंब म्हणजे आपण तिघंही होऊ शकतो. असं मी मनाला दिवसभर समजावलं. पण मग खोली दोघांची का?

मग मी एक गोष्ट केली, ती सांगते. हॉटेलवाल्या बाईंचं पत्र आणि तुझी दोन्ही पत्रं मी पाकिटात घालून अप्पांना पाठवली. सोबत लिहिलं की ह्यातलं खरं काय ते तुम्हीच सांगा. तू निर्दय म्हणशील. म्हण. पण ज्याचं घर त्याला न विचारता तू कुलूप आणायला निघालीस, आणि त्यांचे कपडे भरायला मला बोलावलंस. मी एकही सदरा भरणार नाही.

पाकीट पेटीत टाकलं आहे. तिथे काय वाचलं जाईल, देव जाणे.

दूर लोटू नकोस.

बारकी


२ मार्च

चि. थोरली आणि चि. बारकी,

दोघींस आशीर्वाद. सारखे वाटून घ्या, भांडू नका.

तिन्ही पत्रं वाचली. आधी हॉटेलचं सांगतो. नऊ वर्षांपूर्वी त्याच हॉटेलला लिहायला मी एक कच्चं पत्र केलं होतं. तुमची आई शेजारी बसून एकेक सांगत होती. खिडकी सांग, उशी सांग, जिन्याचं सांग. पक्कं पत्र करायच्या आतच तिला पहिल्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं आणि कागद खणात राहिला. आता लिहायला बसलो तर वाक्यं जुळेनात. हे डॉक्टरांसाठी टिपून ठेव, थोरले. म्हणून तो कागद काढला आणि त्यावर पातळ कागद ठेवून उतरवला. ट्रेसरला पहिल्या दिवशी शिकवतात की खाली रेघ असेल तशी घ्यायची. नदी आटली असली तरी आपण पुसायची नाही, ते साहेबाचं काम.

कुटुंब ह्या शब्दापाशी हात थांबला होता. मला ठाऊक होतं. तुमची आई नाही हे मी एक दिवसही विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर काही सकाळी बरं वाटलं असतं. पण तो शब्द गाळला तर पुढची खिडकी आणि उशीही गाळावी लागली असती. मला ते गाळवेना. पेटीत टाकल्यावर मूर्खपणा लक्षात आला, आणि दुरुस्तीचं पत्र लिहायची लाज वाटली.

तेव्हा थोरले, त्या पत्राचा अर्थ तू चुकीचा लावलास. माझ्या आजाराबद्दल मात्र तू चुकली नाहीस.

जानेवारीत टपाल कचेरीतून परत येताना सायकलच्या दुकानापाशी मी थांबलो. घर डावीकडे की उजवीकडे ते समजेना. दुकान ओळखीचं, दुकानदार ओळखीचा, फक्त पुढचं काही नव्हतं. विचारायचं तरी कसं, की माझं घर कुठे आहे? तेवढ्यात शिंपीणबाई शिवायच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच थांबलोय. त्या गाठोड्यामागून चालत मी घरी आलो. त्यानंतर आणखी दोनदा असं झालं. बारके, तू नकाशावर माझं बोट पाहिलंस आणि खूश झालीस. तुला सांगवलं नाही.

मी डॉक्टरकडे येईन. त्यासाठी बाग लावायची गरज नव्हती. माझं मागणं एवढंच, की आधी शहर, मग डॉक्टर. कागदावरचं ते शहर अजून माझ्या हातातून सुटलेलं नाही. स्टेशन ते संग्रहालय, संग्रहालय ते नदीवरचा पूल, डोळे मिटूनही सांगेन. तेही जाण्याआधी एकदा पायांनी जायचं आहे.

आणि घराचं. कुलूप लावायची वेळ आली तर मी लावीन. तोवर मला विचारत जा. विसरलो तर पुन्हा विचारा.

आईच्या वाटणीची मायाही आता माझ्याकडूनच घेत जा.

अप्पा


१२ मार्च

तीर्थरूप अप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. बारकी म्हणते मी तुमची माफी मागायला हवी. तिचं म्हणणं मी सहसा ऐकत नाही, पण माफी मागते. इंजेक्शनची मुंगी सोडली तर मी रोग्यांना खोटं सांगत नाही. बापाला सांगायला निघाले, कारण रोग्याचं घर माझं नसतं आणि तुमचं घर माझंही होतं.

पंधरा तारखेची रजा रद्द केली. डॉक्टरांची गुरुवारची वेळ बदलून पुढच्या सोमवारची घेतली आहे, म्हणजे आदल्या सोमवारी पोचलो की मध्ये सबंध सहा दिवस मिळतात. हॉटेलवाल्या बाईंना खरं ते सगळं लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. खोली तीच ठेवतात आणि तिसरा पलंग लावतात. तुम्हाला काय लागतं ते तुम्ही अजून कळवलं नाही, असंही त्यांनी विचारलं आहे. ते तुमचं तुम्ही कळवा, मी मध्ये पडणार नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्यासमोरच ऐकायचं, मला बाजूला बोलावलं तरी जायचं नाही, असं मी आणि बारकीनं ठरवलं आहे.

सामान स्टेशनवरून हॉटेलात पाठवून देऊ आणि संग्रहालयापर्यंत चालत जाऊ. तुम्ही पुढे, आम्ही दोघी मागे. बारकीला धाप लागेल तिथे बसू. एखाद्या कोपऱ्यावर तुम्ही थांबलात तर आम्हीही थांबू, हवा तितका वेळ. मी हात धरून वळवणार नाही. ते शहर मीही पाहिलेलं नाही, अप्पा. वाट चुकली तर तिघांची चुकेल.

रागावला असाल तर रागवा, पण प्रवासात माझ्या शेजारी बसून.

तुमची,
थोरली