ग्रहणात चिरलेला दोडका

आई,

परवाच्या चंद्रग्रहणात, ग्रहण चालू असताना, मी विळीवर बसून दोडका चिरला. तुझ्याच विळीवर, करमाडच्या घरातून मी मागून आणलेल्या. तीन महिन्यांची पोटुशी असताना. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तुझ्यासमोर मी नेहमी इकडचं तिकडचं बोलत बसायचे आणि मुद्द्याची गोष्ट राहून जायची. तुला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मधेच 'व्हय गं, पण आधी जेवून घे' म्हणायला तू नाहीस, तेव्हा एकदाचं सलग ऐक.

माझ्या पाठच्या भावाच्या आजाराचं थॅलेसेमिया हे नाव मला फार उशिरा कळलं. आपल्या घरात 'त्याला रक्त कमी पडतं' एवढंच म्हणायचे. महिना भरत आला की तो पिवळा पडायचा, ओटा चढतानाही धापा टाकायचा, आणि तू त्याला कडेवर घेऊन जालना रोडला जीपची वाट बघत उभी राहायचीस. शहरातल्या सरकारी दवाखान्यात त्याला रक्ताची पिशवी लावायचे. सुट्टी असली की मीही बरोबर असायचे. परतताना तो वेगळाच मुलगा असायचा, गाल लाल, तोंडाची टकळी चालू. "आई, आज मास्तरचं रक्त मिळालं वाटतं, पाढे यायलेत मला," असं म्हणून तो तुला हसवायचा. स्टँडसमोर तू त्याला उसाचा रस पाजायचीस आणि मला म्हणायचीस, "तुला पुढच्या टायमाला." आजी मात्र त्याच्या फुगलेल्या पोटाकडे बोट दाखवून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची, "हा पोटात असताना हिनं गिराणात इळीला हात लावला. लई सांगितलं, ऐकलं नाय." आजी तुझी सासू खरी, पण त्याआधी तुझी सख्खी आत्या. आत्याच्या घरात दिलेली पोर सुखात राहते, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. तू खाली मान घालून त्या पाहुण्यांना चहा द्यायचीस. पुढं प्रत्येक ग्रहणात तू पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकायचीस, एकेक पान आम्हा दोघांच्या तोंडात द्यायचीस, आणि हात मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसायचीस. मी दहावीत असताना तो गेला. सांत्वनाला आलेल्या बायकांनाही आजीनं विळीचीच गोष्ट सांगितली.

नंतर माझ्या आत्याच्या मुलासाठी मला मागणी आली. तू पुन्हा तेच. "आपल्या रक्तातलं मानूस हाय, समजून घेतंय," म्हणालीस. आपल्या स्वयंपाकघरातच उभी होते मी. म्हणाले, "तुला किती समजून घेतलं, ते बघितलंय मी." तू मला थोबाडीत दिलीस, जन्मातली पहिली. मी तरीही नाहीच म्हणाले, आणि आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. तुझा जावई तू पाहिला नाहीस. पडेगावचा आहे, ना नात्यातला ना गोत्यातला. मनात म्हटलं, सुटले.

कसली सुटतेय? दिवस राहिल्यावर रक्त तपासलं. भावाचा आजार सांगितला म्हणून ती खास तपासणीही केली, आणि मला थॅलेसेमिया मायनर निघाला. म्हणजे मला स्वतःला काही त्रास नाही, पण मुलात जाऊ शकतो. मग नवऱ्याचं रक्त तपासलं. त्यालाही तेच. दोघांना असलं की प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, मूल माझ्या भावासारखं होण्याची. आम्हाला काउन्सेलरकडे पाठवलं. माझ्याच वयाची मुलगी, बोलणं इथलंच, मराठी बोलता बोलता हिंदीवर जाणारं. "ताई, घाबरू नका. नात्यात शक्यता वाढते, पण बाहेर केलं म्हणजे संपत नाही. हमारे में तो चुलत-मावस सगळं चालतं, म्हणून तर मी या कामात आले." तिनं मला विचारत विचारत आपल्या करमाडच्या घराण्याची आकृती काढली. बाईचा गोल, पुरुषाचा चौकोन. माझे आईवडील म्हणून तुला आणि अण्णांना जोडताना तिनं दोन रेघा मारल्या. नात्यातल्या लग्नाची ती खूण. मग तुझा अर्धा गोल काळा केला आणि अण्णांचा अर्धा चौकोन. मी विचारलं, "एकट्या आईकडून येत नाही?" म्हणाली, "नाही ना ताई. हा आजार व्हायला दोघांकडून यावं लागतं." मी पुन्हा विचारलं. तिनं न कंटाळता पुन्हा सांगितलं. मी चितेगावच्या कंपनीत माल तपासायला आहे. दोन पुरवठादारांचा माल मिसळून खोट निघाली तर आम्ही दोघांनाही बोलावतो. आपल्या घरात आयुष्यभर एकटीलाच बोलावलं.

त्याच रविवारी करमाडला गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. आडपडदा न ठेवता विचारलं, भावाच्या आजारात डॉक्टरनं तुमचं दोघांचं रक्त तपासलं होतं का?

"व्हय," म्हणाले.

"मग?"

"दोघांचं हाय म्हनला. तुझी आईच म्हनली, घरात बोलू नका. आत्याला सोसायचं नाय, तिच्या पोरात खोट हाय म्हनल्यावर."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

संसारात अण्णांनी तुझं एवढं एकच म्हणणं ऐकलं असेल. त्यांचा राग आलाच, पण त्यांच्यापेक्षा जास्त तुझा आला. मला वाटायचं, तुला माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं! ज्या बाईनं तुला दारोदार बदनाम केलं, तिचं मन जपायला तू गप्प राहिलीस. तुझ्या त्या गप्प बसण्याला लोक अजून सोशिकपणा म्हणतात. मी म्हणणार नाही.

बाळाला तो आजार आहे का बघायला पोटात सुई घालून वारेचा बारीकसा तुकडा काढतात आणि तो तपासतात. सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "पोटातल्याला सुई टोचू नये गं. आन टोचायचीच तर मुलगा का मुलगी ते बी कळंल की." मी म्हणाले, ते कोणी सांगत नाही, गुन्हा आहे, आणि मला विचारायचंही नाही. वाईट बाई नाही, घाबरलेली आहे. सुई घेतली. निकालाची वाट बघत असताना ग्रहण आलं, संध्याकाळचं. तुकडा केव्हाच प्रयोगशाळेत पोचला होता, त्याचं जे व्हायचं ते ठरून गेलेलं. म्हणूनच मी मुद्दाम विळी काढली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध मांडली. सासूबाई आधी विनवत होत्या, मग चिडल्या. "अगं बोल की काहीतरी!" मी हं-हं करत चिरत राहिले. त्यांना मी उर्मट वाटले असणार.

काल निकाल आला. थॅलेसेमिया मेजर आहे, भावाला होता तोच. सासूबाई तिथल्या तिथं खाली बसल्या, आणि जे व्हायचं तेच झालं. "मी सांगत व्हते, गिराणात चिरू नको." मी तोंड उघडण्याआधीच माझा नवरा म्हणाला, "आई, सुई ग्रहणाच्या आधी झालीय. आणि अर्धं तिचं आहे, अर्धं माझं आहे. माझं म्हणजे तुझं नाहीतर दादांचं. उद्या कोणी विचारलं तर असंच सांगायचं." आवाजही चढवला नाही त्यानं. मी आत जाऊन रडले. पोटातल्यासाठी रडायचं अजून बाकी आहे. काल रडले ती तुझ्यासाठी. एवढं एक वाक्य तुला कोणी दिलं नाही.

काउन्सेलरनं दोन्ही वाटा नीट समजावल्या. आता औषधं सुधारलीत, मुलं मोठी होतात, शिकतात. "मी ठेवा पण म्हणणार नाही, नको पण म्हणणार नाही," म्हणाली. आम्ही ठरवलंय, ठेवायचं नाही. सोमवारी दवाखान्यात जातोय. कोणी म्हटलं की म्हणजे तुझा भाऊ तुला नको होता, तर त्याच्या तोंडावर सांगेन, तो मला आजही हवाय. पण हाताची शीर सापडेना म्हणून त्याच्या पायात सुई घालायचे, तेव्हा तो पाय मी धरलेला आहे. आता दुसऱ्या कोणाचा मी धरणार नाही. तू कदाचित ठेवलं असतंस. तो तुझा निर्णय झाला असता आणि मी तुझ्याबरोबर रस्त्यावर जीपची वाट बघत उभी राहिले असते. हा माझा आहे. तो मी लपवणार नाही, 'पडलं' म्हणूनही सांगणार नाही. आणि करमाडला जाऊन आजीच्या त्या सगळ्या पाहुण्यांना अण्णांच्या देखत सांगणार आहे, की तुझ्या पोराचा आजार विळीतून आला नव्हता, तो दोघांचा होता.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. दोडका चिरताना मी सासूबाईंशी बोलले नाही, ते उर्मटपणानं नव्हे. माझ्या गालात तुळशीचं पान होतं.