दुसरं गिऱ्हाईक

सोमवार, ६ ऑक्टोबर. पहाटे.
निर्णय झाला! अकरावीचा बिझनेस स्टडीजचा अभ्यासक्रम मुळापासून बदलणार. व्याख्या पाठ करून आजवर एक तरी पोर धंद्यात पडलंय का? व्याख्या बंद. प्रत्येक गटानं खरा माल बनवायचा आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा. पुढच्या आठवड्यात जिल्हा कार्यालयातून व्हिलाफ्लोर मॅडम बघायला येतायत. त्यांना पसंत पडलं की सगळ्या इलोइलो प्रांतातल्या शाळांत माझाच अभ्यासक्रम! मुखपृष्ठावर पूर्ण नाव घालावं की नुसतं सी. बालागेर? विचार करणे.

मंगळवार, ७
बाजार सुरू! क्रिसेलच्या गटानं शेवग्याच्या पाल्याची बिस्किटं आणली. म्हणाली, सर, भवानी तुम्हीच करा, तुमचा हातगुण चांगला आहे असं सगळी शाळा म्हणते. मला कल्पनाच नव्हती. घेतली. तिनं शकुन म्हणून माझी नोट उरलेल्या पुड्यांवरून फिरवली. लगेच शेजारचा गट, मग आमची भवानी कोण करणार, सर? अन्याय नको. घेतला. (भांडी घासायचा घरगुती साबण, कोल्ड्रिंकच्या बाटलीत.)

गुरुवार, ९
विक्री तुफान!! एकाही गटाचा माल परत गेला नाही. मी जिना उतरायच्या आत टेबलं बरोबर माझ्या वाटेवर मांडलेली. 'जागेची निवड' हे प्रकरण पोरांनी कोळून प्यायलंय, आणि ते मी अजून शिकवलेलंही नाही.
घरी बायकोचा, मर्लिंडाचा, सूर वेगळा. म्हणाली, अरे सांतोय (घरी मी सांतोयच), शेवगा आपल्या परसात आहे आणि तू बिस्किटं विकत आणतोस? फ्रीज उघडून दाखवला. मला त्यात यश दिसलं. तिला दूध ठेवायला जागा दिसेना.

सोमवार, १३
निर्धार: आज काहीही घ्यायचं नाही. निरीक्षक तटस्थ हवा.
सव्वादहा. पायपुसणं घेतलं. घरात गरज होतीच.
दहा वीस. दुसरं पायपुसणं. जोडी असावी.
नको म्हणून बघितलं, तर पोरं म्हणतात, सर, आमच्यावर रागावलात का? आता माणसानं करावं काय? लोणचं घेतलं.

गुरुवार, १६
उद्या मॅडम. भाषण पाठ आहे. मर्लिंडानं विचारलं, उद्या पाकीट घरी ठेवून जाशील का? म्हटलं, संशोधन साधनांशिवाय होत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

शुक्रवार, १७
मॅडम आल्या. टेबलं चकाचक. क्रिसेलनं भवानीची गोष्ट ऐटीत सांगितली. मॅडम खूश. मी मनात मुखपृष्ठाचा रंगही ठरवून टाकला. मग मॅडमनी सहज विचारलं, आणि तुमचं दुसरं गिऱ्हाईक कोण गं?
क्रिसेल पुड्यांची रांग सरळ करायला लागली. मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. तोच प्रश्न. तिथं साबणाच्या बाटल्या पुसणं सुरू. सगळी टेबलं फिरून झाली. शेवटी क्रिसेलच म्हणाली, मॅडम, दुसरं लागलंच नाही. सर सगळं घेतात. आधी नाही म्हणतात, मग घेतात.
वर्ग खदखदला. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.
नामंजूर. फाईल मॅडमनी अगदी प्रेमानं परत दिली. फार लागलं. घरी जेवण गेलं नाही. मर्लिंडानं ताट झाकून ठेवलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

सोमवार, २०
व्हरांडा मोकळा. व्याख्या पुन्हा सुरू. मधल्या सुट्टीत पाय सवयीनं तिकडेच वळले. उभा होतो, तोच क्रिसेल आणि तिचा सगळा गट आला. केळीच्या पानावर वाफाळती बिबिंगका, तांदळाच्या पिठाचा गोड केक, वर खोबऱ्याचा कीस. मी पाकीट काढलं. क्रिसेल म्हणाली, राहू द्या हो सर, तुमच्यासाठीच केलीय. मी आग्रह केला. जवळजवळ भांडलो. नाही म्हणजे नाहीच घेतले पैसे.
फुकट! डोळ्यांत पाणी आलं. या पोरांना मी धंद्यातलं काहीएक शिकवू शकलो नाही.