आरू बसायला लागली

सोम. ३ नोव्हेंबर
आरूने आज वाटी दोन्ही हातांनी धरली! दोन्ही! डावी मूठ कधी उघडायचीच नाही तिची. मी पोळी तव्यावर सोडून पळाले. पोळी जळली. जळू दे.
वहिनी नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मला दिसलं ते खरं हाय ना?"
दादाने त्या दोघींना वरकुट्याहून इथे वालचंदनगरला आमच्या क्वार्टरमध्ये आणून सोडलं, तेव्हा वहिनीची ही पोर नुसती ताठ व्हायची आणि किंचाळायची. आता वाटी!

गुरु. ६ नोव्हें.
बारामती. दर गुरुवारची दवाखान्याची फेरी, आरूचे व्यायाम आणि वहिनीचं गोळ्यांची सवय सोडवायचं औषध. डॉक्टर मॅडम खूश. वहिनीचा डोस आणखी थोडा कमी केला. एकदम बंद करायचं नाही, हे त्यांनी परत बजावलं.
मग वहिनीला म्हणाल्या, "मनीषा, पुढच्या गुरुवारी इथे काही आया येणार आहेत. तुझ्यासारख्याच. बोलशील?"
परतताना भवानीनगर आलं तशी वहिनी एकदम, "काय सांगू? उसाच्या ट्रॉलीवरनं पडले, कंबर गेली, दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बरं वाटायचं म्हणून खात गेले. पोटात पोर असतानापन सुटंनात. हे सांगू?"
म्हटलं, हेच सांग.
"आन् जन्मल्यावर ती कशी थरथरत होती, ते?"


रवि. ९
दादाचा फोन. आई उद्या येतेय, आरूला न्यायला. फक्त आरूला. मागून आईचा आवाज, "पोरगी आमची हाय. जिनं पोटात इख घातलं तिच्याजवळ कशाला?"
मी फोनवरच भांडले. ह्यांनी खुणेने गप्प केलं. वहिनीने आतून सगळं ऐकलं. रडली नाही. आरूचे कपडे घडी करत बसली. मला ते जास्त लागलं.

सोम. १०
कुठून सुरू करू!
आई आली ती चप्पल न काढताच, "आण गं पोरीला." वहिनीने आरूला दिलं. आईने उचलून जोरात हलवलं, नात भेटल्याचा आनंद, पण आरू ताठ झाली, किंचाळायला लागली. आई घाबरली. वहिनीने हळूच परत घेतली, दुपट्यात गुंडाळली, छातीशी धरून गुणगुणत राहिली. थांबली रडायची. मग वहिनीने तिला गोधडीवर ठेवलं आणि हात काढून घेतले.
आरू बसली. आधाराशिवाय! डुलली, आता पडते म्हणून मी पुढे झाले, तर सावरली. आणि आईकडे बघून हसली.
"बसली गं! ए, बसली!" हे ओरडणारी आई होती. शेजारच्या काकू धावत आल्या.
नेण्याचा विषय आज निघाला नाही. आई मुक्कामाला. वहिनीशी बोलली मात्र नाही.

गुरु. १३
आई हट्टाने आली बारामतीला. "मलापन बघायचंय काय करत्यात तितं."
वहिनी उभी राहिली. पहिलं वाक्य अर्ध्यावर सोडलं. परत पहिल्यापासून. पण बोलली, सगळं, थरथरीचंसुद्धा. "मला लय लाज वाटायची. म्हनून दवाखान्यात उशिरा आले. तुमी नका उशीर करू," एवढ्यावर थांबली. मी रडत होते. आईकडे बघायची हिंमत झाली नाही.
मागे एक पोरगी बसलेली, तोंडाला ओढणी, पोट दिसायला लागलेलं. तिने विचारलं, "तुमचं बाळ कुठंय?"
वहिनी आली, आईच्या मांडीवरून आरूला उचललं आणि थेट त्या पोरीच्या मांडीवर दिलं. आरूने तिची ओढणीच खेचली. ती पोरगी हसली. अख्खी खोली हसली! निघताना तिने वहिनीचा नंबर घेतला.

शुक्र. १४
आईची पिशवी भरून तयार. चहा पिता पिता, वहिनीकडे न बघताच म्हणाली, "चला दोघीबी."
दोघीबी! मी उडीच मारणार होते.
वहिनी म्हणाली, "आई, माझं औषध अजून चालू हाय."
"मग? वरकुट्यानं बारामतीला येता येत न्हाय व्हय?"
"येतं. पण तुमी परत कधी आरूला माझ्यापासनं..." आईने कप खाली ठेवला. चहावर साय धरली.
तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. "हां, बोल गं. व्हय, मीच मनीषा. रडू नको, आधी सांग, कुठं हायेस तू?" बोलत बोलत ती बाहेर गॅलरीत गेली.
आई दाराकडे बघत होती. "कोन हाय?"
"ती कालची. ओढणीवाली."
आईने आरूला मांडीवर घेतलं, या वेळी अगदी हळू. "एसटीची घाई न्हाय मला. बोलू दे तिला."