किरणांना न जुमानणारे

३ फेब्रुवारी
सरांचा हुकूम – परग्रहावरची जीवसृष्टी शोधायची. साधनं: एक गळका फ्रीज आणि मी. वाळवंटातल्या मातीतले जीवाणू कोबाल्टच्या यंत्रात ठेवायचे, किरणांनी भाजून काढायचे, आणि जे मरणार नाहीत त्यांचं कौतुक करायचं. इथे असे जीव आहेत तर मंगळावर का नसावेत? – हे सरांचं तर्कशास्त्र. मंगळाचं काय म्हणणं आहे, अजून कळलेलं नाही.

आजच बाबांच्या घशातल्या गाठीवर रेडिएशन सुरू झालं. तेहतीस सिटिंग. रोज दोन ग्रे – किरणांचं माप. माझ्या जीवाणूंना पाच हजार!

"म्हणजे मी तुझ्या जंतूंपेक्षाही नाजूक!" बाबा हसले. आई नाही हसली.

१९ फेब्रुवारी
सगळे मेले. प्लेट कोरी. सरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

५ मार्च
बाबांना पाणीही गिळवत नाही. आवाज गेलाय, त्यामुळे पाटीवर लिहून भांडतात. आज आईला – "सूप अळणी आहे." आईनं खाली लिहिलं – "माहितीये." अहो, तिला बोलता येतं की!

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१७ मार्च
नव्या मातीतला एक टिकला!! बारा हजार ग्रे पचवून प्लेटवर गुलाबी ठिपका. मी नाचले. सर धावत येताना दारावर आपटले. नाव ठेवलं – पैलवान. बक्षीस म्हणून त्याला उद्या पंधरा हजार.

२ एप्रिल
पेपरात सरांचा फोटो, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. दहा वर्षांत पहिल्यांदाच लावला असेल. मथळा – "आपण एकटे नाही?" माझं नाव नाही. म्हणजे मी एकटीच.

बाबांना आवाज फुटला. पहिलं वाक्य – "मंगळावर कधी निघायचं?" मी स्वच्छतागृहात जाऊन रडून घेतलं.

११ जून
डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं. गाठीचा तुकडा तपासून आला होता.

"एवढ्या रेडिएशननंतरही काही पेशी टिकून आहेत," डॉक्टर मला म्हणाले.

मी हसले. सवयीनं! तोंडभर हसले.

माझ्याकडे बघून आईला वाटलं, बातमी चांगली आहे. तिनं बाबांच्या पाठीवर थाप मारली.